कॅमेरा उघडला, की ॲप का मिटते?

धार जिल्ह्यातील राजगढहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव गावोगावच्या घरांच्या पाहणीसाठी एक ॲप तयार करीत आहेत. पाहणी करणारा मुलगा घरमालकाची माहिती भरतो, घराचा फोटो घेतो, आणि परतून पाहतो तो ॲप पुन्हा पहिल्या पानावर! माहितीही गेली आणि फोटोही. चिरंजीवांच्या स्वतःच्या महागड्या फोनवर मात्र सारे सुरळीत. तेव्हा मुलेच फोन नीट हाताळीत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आहे. आम्हांस तो मान्य नाही.

या जातीच्या ॲपला हायब्रिड म्हणतात. बाहेरून ते ॲप दिसते. आत मात्र ब्राउझरच्या चौकटीत वेबपाने चालत असतात. कॅनडातील नितोबी कंपनीच्या फोनगॅपने 2008 पासून ही रीत रुळविली. 2011 मध्ये ॲडोबीने ती कंपनी घेतली, आणि फोनगॅपचा गाभा अपाची कॉर्डोव्हा या नावाने सर्वांस खुला झाला. चिरंजीव वापरतात ते हेच. अँड्रॉइडवर असे ॲप सामान्यतः स्वतः फोटो काढीत नाही. ते फोनमधील कॅमेऱ्यास हाक मारते आणि आपण पडद्याआड जाऊन बसते. कॅमेरा तर मोठा खादाड! फोनची मेमरी अपुरी पडू लागली, की अँड्रॉइड पडद्याआडच्या मंडळींना निरोप देतो. फोटो घेऊन कॅमेरा परततो, तेव्हा घरात कोणी नसते. कॉर्डोव्हाच्या माहितीपत्रकातच हा इशारा दिलेला आहे. पण माहितीपत्रके वाचतो कोण?

दुसरे कारण निव्वळ हिशेबाचे. 4000 × 3000 ठिपक्यांचा फोटो फाइलीत काही एमबींत मावतो. पण मेमरीत पुरता उलगडला, की दर ठिपक्यास 4 बाइट, म्हणजे 48 एमबी जागा खातो. त्यात पुष्कळ जण फोटो बेस-64 च्या अक्षरांत मागवितात. तेथे तीन बाइटांची चार अक्षरे होतात, आणि ती लांबच लांब माळ मेमरीतच धरून ठेवावी लागते. आयफोनवर कॅमेरा ॲपच्या आतच उघडतो, म्हणून पहिली आपत्ती तेथे ओढवत नाही. दुसरी मात्र ओढवते.

गोष्ट किरकोळ वाटेल. पण रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो घेऊन नोंदविणे सक्तीचे झाले होते. फोटो पोहोचला नाही, तर उन्हात खपलेल्या बाईची मजुरी अडण्याची पाळी. असल्या ठिकाणी साध्या, जुन्या फोनावर जे चालत नाही, ते चालतच नाही असे समजावे.

चिरंजीवांनी आता कॅमेरा उघडण्यापूर्वीच भरलेली माहिती फोनमध्ये जतन करावी. फोटो अक्षरांत न मागविता फाइलीच्या पत्त्याने मागवावा, आणि रुंदी हजार-बाराशे ठिपक्यांवर आणावी. घराचे दार ओळखू येण्यास तेवढी पुरते. तरीही ॲप मधेच मारले गेले, तर ते पुन्हा जागे होताना ‘रिझ्यूम’ या घटनेबरोबर अडकलेला फोटो मिळतो. तो उचलून जतन केलेल्या माहितीस जोडावा.

परीक्षेसाठी जुना फोन हाताशी नसल्यास अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ ही कळ आहे. ती चालू करून फोटो घ्यावा. महागड्या फोनवरही राजगढची तक्रार हुबेहूब उभी राहील. काम झाल्यावर कळ आठवणीने बंद करावी, नाहीतर घरची मंडळी दुसरीच तक्रार घेऊन येतील.