उपकर वेगळा, मग हिशेब एकत्र का?

वालूर हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील गाव. येथील शेतमजूर आयकर भरत नाही, म्हणून तो सरकारी तिजोरीत काहीच टाकत नाही, असा सोयीचा गैरसमज या देशातील सुखवस्तू वर्गाने करून घेतला आहे. 'आमच्या करावर यांच्या सवलती' हे वाक्य शिष्यवृत्ती घेणाऱ्या मागासवर्गीय विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या आवारात आजही ऐकवले जाते. वस्तुस्थिती काय आहे? घरकुलासाठी घेतलेल्या सिमेंटच्या गोणीवर आणि अंगाच्या साबणावर १ जुलै २०१७ पर्यंत केंद्रीय उत्पादन शुल्क होते. आता त्यांवर जीएसटी आहे. वालूरहून सेलूला जाणाऱ्या जीपच्या डिझेलवर तर उत्पादन शुल्क आजही आहे. कारखानदार ते सरकारला भरतो, पण किमतीत मिळवून वसूल करतो गिऱ्हाइकाकडून. कर भरल्याची पावती कारखानदाराच्या नावाची, खिसा मात्र मजुराचा!

हा खिसा कुणाचा आणि त्यातला पैसा कुठे जातो, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विचारला होता. शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी दाखवून दिले की, या इलाख्यात सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून मात्र दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. जेवढे अबकारीतून घेता, तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. तेव्हाची अबकारी मुख्यतः दारूवरची होती, आजचे केंद्रीय उत्पादन शुल्क कारखान्यातील मालावरचे आहे. परंतु गरिबाकडून घेतलेला पैसा गरिबाच्या शिक्षणाला लागला पाहिजे, हे बाबासाहेबांचे तत्त्व जुने झालेले नाही.

आता न्यायालयात काय घडले ते पाहू. बेकायदा वसूल झालेले उत्पादन शुल्क परत मागण्यासाठी देशभरातील कारखानदार न्यायालयात गेले होते. मफतलाल इंडस्ट्रीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने निर्णय दिला. शुल्काचा बोजा ज्याने गिऱ्हाइकावर टाकला, त्याला परतावा मिळणार नाही. कारण खरे नुकसान गिऱ्हाइकाचे झालेले आहे. मग तो पैसा कुणाचा? न्यायालयाचे म्हणणे असे की, राज्यसंस्था जनतेचे प्रतिनिधित्व करते, म्हणून तिच्याकडे राहिलेला पैसा लोकांच्याच कामी येतो. १९९१ च्या दुरुस्तीने उत्पादन शुल्काच्या कायद्यात अशा रकमांसाठी ग्राहक कल्याण निधीचीही तरतूद झालेली होती.

कारखानदाराला फुकटचा लाभ नाकारणारा हा निर्णय आम्हाला योग्यच वाटतो. परंतु त्यातून एक जबाबदारीही निघते. सरकार लोकांच्या नावाने पैसा ठेवून घेत असेल, तर ते त्या पैशाचे मालक नव्हे, विश्वस्त ठरते. आणि विश्वस्ताने हिशेब द्यायचा असतो, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

हा हिशेब सरकारने दिला काय? २००४ पासून उत्पादन शुल्कासह केंद्राच्या करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लागला. २००७ च्या वित्त अधिनियमाने त्यात माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्क्याची भर घातली. उपकर म्हणजे करावर बसवलेला कर. तो ठरावीक कामासाठी घेतला जातो आणि ते काम कायद्यातच लिहिलेले असते. थोडक्यात, ते सरकारने जनतेला दिलेले लेखी वचन असते.

याच उपकरावरून कारखानदार आणि सरकार यांच्यात पुन्हा वाद झाला. ईशान्येकडील राज्यांत व सिक्कीममध्ये उद्योगांना उत्पादन शुल्कात माफी होती. शुल्कच माफ, तर त्यावरचा उपकरही माफ, असे कंपन्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये एसआरडी न्यूट्रियंट्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. पण डिसेंबर २०१९ मध्ये युनिकॉर्न इंडस्ट्रीजच्या खटल्यात न्यायालयाने हा निर्णय फिरवला. उपकर वेगळ्या कायद्याने बसवलेला वेगळा कर आहे. शुल्काच्या माफीत तो आपोआप माफ होत नाही, ही सरकारची बाजू मान्य झाली.

म्हणजे वसुलीच्या वेळी उपकर वेगळा! मग खर्चाच्या वेळी तो वेगळा का राहत नाही? प्राथमिक शिक्षणाच्या उपकरासाठी २००५ मध्ये प्रारंभिक शिक्षा कोष निर्माण झाला. माध्यमिक व उच्च शिक्षणाच्या उपकरासाठी मात्र असा कोष करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी कॅगच्या, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितले की, २०१६-१७ पर्यंत या उपकरापोटी ८३,४९७ कोटी रुपये जमा झाले. पण ना त्यासाठी निधी उभारला गेला, ना तो कोणत्या योजनांवर खर्च करायचा हे ठरले. पैसा देशाच्या एकत्रित निधीत मिसळून गेला. पुढे २०१८-१९ च्या लेख्यांबाबत कॅगने असेच नोंदवले. ३५ उपकरांतून २,७४,५९२ कोटी रुपये आले. राखीव निधींत गेले १,६४,३२२ कोटी.

याच काळात आमच्या विद्यार्थ्यांचे काय चालले होते? अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राची मदत २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांत सरासरी ११०० कोटी रुपयांच्या आसपास होती. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने आपला वाटा ६० टक्के केला, तोवर खर्चाचा मोठा भार राज्यांवर पडला होता. शिष्यवृत्ती थकली की महाविद्यालय विद्यार्थ्याची कागदपत्रे अडवून धरते आणि शेतमजूर बापाला सावकाराच्या दारात जावे लागते. ८३,४९७ कोटींतून ११०० कोटींची मदत पंचाहत्तर वर्षे पुरली असती! हा उपकर केवळ अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी नव्हता, हे आम्ही जाणतो. पण ज्या माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी तो घेतला, त्यातूनच आमची मुले गळत होती, हेही कुणी नाकारू शकणार नाही.

सरकारची बाजू मांडणारे म्हणतील की, शिक्षणावरचा एकूण खर्च उपकराच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे, मग वेगळा हिशेब कशाला? असे असेल तर वेगळा उपकर तरी कशाला? आधीच चालू असलेला खर्च उपकराच्या नावावर दाखवायचा असेल, तर शिक्षणात भर काय पडली? नेमके हेच कळावे म्हणून स्वतंत्र निधी लागतो.

हा विषय जुना झाला, असेही कुणी समजू नये. उत्पादन शुल्कावरचे शिक्षण उपकर २०१५ मध्ये बंद झाले, पण रीत तीच राहिली. मे २०२२ च्या कपातीनंतर पेट्रोलवर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे केंद्रीय उत्पादन शुल्क उरले. त्यात मूळ शुल्क होते अवघे १ रुपया ४० पैसे. बाकी सारे अधिभार आणि उपकर. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० प्रमाणे अधिभार व उपकरांत राज्यांना वाटा नाही. म्हणजे परभणीत भरलेल्या पेट्रोलच्या शुल्कातला मोठा हिस्सा महाराष्ट्राच्या वाटणीत येतच नाही. राज्याला वाटा नाही आणि जनतेला हिशेब नाही, याला कोणते संघराज्य म्हणायचे?

३० मे १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. अनुच्छेद १५१ प्रमाणे त्यांचा अहवाल संसदेपुढे ठेवावा लागतो. पण किती दिवसांत, हे तेथे लिहिलेले नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अहवाल सादर झाल्यापासून तो सभागृहात मांडण्याची मुदत कायद्याने ठरवा. प्रत्येक उपकराची वसुली, निधीत गेलेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा वेगळा तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करा. निधीत न गेलेली रक्कम व्याजासह त्या त्या कामाला द्या.

केवळ मागणी करून भागणार नाही. कोट्यवधींचे आकडे ऐकून आपले कार्यकर्ते मागे सरतात आणि हिशेब हा वरच्या वर्गाचा विषय होऊन बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. आपल्या तालुक्यातील किती विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती थकली आहे, हे समाजकल्याण खात्याला विचारा. उपकराचा तक्ता आपल्या खासदाराला संसदेत मागायला लावा. आलेली उत्तरे ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वालूरच्या गावकऱ्यांनी बुजलेल्या जुन्या बारवेतली माती उपसली, तेव्हा कुठे तिच्या पायऱ्या दिसल्या. सरकारी हिशेबावरची मातीही कुणी वरून येऊन काढणार नाही. ज्यांचा पैसा आहे त्यांनाच हातात घमेले घ्यावे लागेल.