ताऱ्यांची आणेवारी

खेड्यांतील घरांत एसी बसला, ही गोष्ट आतां नवलाची राहिली नाहीं. घरावर स्लॅब पडला, मुलाचें लग्न ठरलें, कांद्याचे किंवा उसाचे चार पैसे हातीं आले, कीं उन्हाळ्यापूर्वीं दुकानाची वाट धरली जाते. यांत कोणास दोष देण्याचें कारण नाहीं. वैशाखांत स्लॅबखालीं निजणें किती कठीण असतें, हें प्रस्तुत लेखक अनुभवानें जाणतो. परंतु बैल घेतांना दांत, खूर व चाल पाहिल्यावांचून जो विसार देत नाहीं, तोच शेतकरी एसी घेतांना केवळ पांच तारे पाहून पैसे मोजतो, याचें मात्र आश्चर्य वाटतें.

हे तारे, ज्यांस दुकानदार ‘स्टार’ म्हणतात, ते कशाचे, हें प्रथम पाहूं. केंद्र सरकारनें २००१ सालीं ऊर्जा संवर्धनाचा कायदा केला व त्याअन्वयें २००२ सालीं ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. त्याची ताऱ्यांची योजना २००६ पासूनची. २०१० सालीं साध्या एसीवर व २०१८ पासून इन्व्हर्टर एसीवरही ताऱ्यांचें लेबल सक्तीचें झालें. एसी थंडावा निर्माण करीत नाहीं. पंप जसा विहिरींतील पाणी उपसून वर टाकतो, तसा हा खोलींतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. एक युनिट वीज खर्चून किती युनिट उष्णता बाहेर गेली, हें प्रमाण साऱ्या हंगामाचें मिळून काढतात. तोच आंकडा लेबलावर ‘आयएसईईआर’ या नांवानें छापलेला असतो. तो जितका मोठा, तितके तारे अधिक.

मीं महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी केली. गांवाची पैसेवारी, जिला जुने लोक अजून आणेवारीच म्हणतात, ठरतांना जवळून पाहिली. ती साऱ्या गांवाची मिळून असते. गांवाची पैसेवारी साठ लागली म्हणून माळावरच्या हलक्या तुकड्यांतही साठ पैसे पीक आलें, असें होत नाहीं. ताऱ्यांचेंही तसेंच आहे. ब्यूरोनें हिशेबासाठीं वर्षाचे १६०० तास व बाहेरचें तपमान २४ ते ४३ अंश धरलें आहे. हें देशाचें सर्वसाधारण मोजमाप झालें, तुमच्या माजघराचें नव्हे.

दुसरें असें कीं, फेरजमाबंदींत जसा जमिनीचा आकार बदलतो, तशी ताऱ्यांची प्रतही बदलते. २०१८ च्या कोष्टकाप्रमाणें ४.५ या आंकड्यास पांच तारे मिळत. १ जुलै २०२२ पासून त्यासाठीं ५ हा आंकडा लागूं लागला व ४.५ चें यंत्र चार ताऱ्यांवर उतरलें. माझ्या पुतण्यानें त्याच वर्षीं दिवाळींत पांच ताऱ्यांचा एसी सवलतींत मिळाला म्हणून मोठ्या हौसेनें आणला. घरीं लेबल वाचतों तों त्याची मुदत जूनमध्येंच संपलेली! दुकानदार खोटें बोलला नव्हता. तारे पांचच होते, पण ते मागील जमाबंदीचे होते. म्हणून लेबलावरील मुदत प्रथम वाचावी.

त्यानंतर वर्षाच्या युनिटांची ओळ वाचावी. खरा हिशेब तेथें आहे. समजा, दीड टनाच्या दोन यंत्रांपैकीं एकावर वर्षास ९५० युनिट व दुसऱ्यावर ७५० युनिट लिहिलें आहे. फरक २०० युनिटांचा, पण तो १६०० तासांचा. उन्हाळ्याच्या ७५ रात्री, रोज ८ तास एसी चालविला, तर ६०० तास होतात व फरक ७५ युनिटांवर येतो. नमुन्यादाखल युनिटास दहा रुपये धरल्यास वर्षाची बचत ७५० रुपये. चांगल्या यंत्रास आठ हजार अधिक मोजले असतील, तर ते फिटण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. उलट, ज्याच्या दुकानांत एसीचे १६०० तास भरतात, त्याचे तेच आठ हजार चार वर्षांत फिटतात. मात्र दर धरतांना एक सावधगिरी ठेवावी. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो आणि एसीचीं युनिटें नेहमींच्या वापरावर चढत असल्यामुळें तीं वरच्या टप्प्याच्या दरानेंच मोजलीं पाहिजेत.

तारे सारखे म्हणून खर्चही सारखा, हा समजही चुकीचा आहे. पांच ताऱ्यांचा दोन टनी एसी तीन ताऱ्यांच्या एक टनीहून अधिक वीज खाऊं शकतो. येथें टन म्हणजे यंत्राचें वजन नव्हे, उष्णता उपसण्याची शक्ति होय. तेव्हां खोलीच्या मानानेंच टन घ्यावा. त्याआधीं स्लॅबवर पांढरा चुना द्यावा व पश्चिमेच्या खिडकीस पडदा लावावा. एसीचें तपमान एक अंशानें वाढविल्यास सुमारें सहा टक्के वीज वांचते, असें वीज मंत्रालयानें २०१८ सालीं सांगितलें होतें. २६ अंश व सोबत पंखा, एवढ्यावर झोंप उत्तम लागते.

कोणी म्हणेल, विजेची बचत हें देशकार्य आहे. त्यांत घरच्या रुपयांचा हिशेब कशाला? ज्यास ऐपत आहे त्यानें अधिक तारे अवश्य घ्यावे. परंतु जो हप्त्यानें घेतो व व्याज भरतो, त्यास पदरीं काय पडणार हें आधीं कळलें पाहिजे. माझी सूचना इतकीच कीं, ज्या सभासदांच्या घरीं एसी आहे त्यांनीं यंत्राचे टन, लेबलावरील युनिटें, चालविलेले तास व उन्हाळ्याचें बील एका वहींत लिहून ती संस्थेच्या कचेरींत ठेवावी. दोन उन्हाळ्यांत आपल्या पंचक्रोशीचा स्वतःचा तक्ता तयार होईल आणि पुढें घेणारास दुकानदाराच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येणार नाहीं.