डोंगर सोडायचा का?

डेक्सा तपासणीत माझा टी-स्कोर उणे २.५च्या खाली आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. नातेवाईक म्हणाले, "आपा, आता सूर्यमाळचे डोंगर बंद." मला हे पटत नाही. हाडांवर भारच पडला नाही तर ती आणखी झिजतात. धोका पडण्याचा आहे, चालण्याचा नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून मी पावसाळ्यातल्या निसरड्या वाटा, उड्या आणि पाठीवरचं जड ओझं सोडलं; काठी आणि पकड असलेले बूट घेतले. चढणं चालू आहे. आपल्या अनेक बायकांना दिवसभर ऊनही लागत नाही, त्यामुळे ड जीवनसत्त्व कमी पडतं. शरीर ही अल्लाहची अमानत आहे खरी. पण अमानत जपायची म्हणजे आजारी बाईला घरात बसवून ठेवायचं, असं नाही.