मोतीचा जिना

आमचा मोती जिना चढेनासा झाला, तेव्हा घरात तीन मते पडली. आई म्हणाली, "वय झालं रे त्याचं." चिरंजीव म्हणाले, "आळशी झालाय." मी मराठीचा मास्तर. मी म्हटले, "रुसला असेल."

मुलुंडला आमचे बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मोती लॅब्राडोर, वय वर्षे नऊ, अंगाने चांगलाच गुटगुटीत. खरे काय ते सौ.ने हेरले. सकाळी उठताना तो अडखळे, चार पावले चालला की मोकळा होई. पूर्वी उडी मारून कोचावर बसणारा हा प्राणी आता नुसता कोचाकडे बघत राही.

माझ्या गुडघ्यांसाठी आणलेली गोळी पोळीत घालून त्याला द्यावी, अशा बेतात मी होतो. सौ.ने हात धरला, म्हणून निभावले. पशुवैद्यांनी ते ऐकले आणि कपाळाला हात लावला. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. मांजराला तर पॅरासिटामोलची एक गोळीही प्राणघातक ठरू शकते. गुरांना देत असलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या जिवावर उठले आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष!

डॉक्टरांनी मोतीला चालवून पाहिले, एकेक सांधा वाकवून पाहिला, मग क्ष-किरण फोटो काढला. खुब्याचा सांधा सैल. त्यातली कूर्चा झिजलेली. या जातीत हा दोष पुष्कळदा आनुवंशिकच असतो. वजन त्यात भर घालते. झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, पण वेदना खूप कमी करता येते. रक्त तपासून त्याच्या वजनाप्रमाणे औषध ठरले. खाणे मोजून द्यायचे, चहाबरोबरची बिस्किटे बंद. एकदम लांब फेरी नको, थोडे थोडे दोनतीनदा चालवायचे. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरायची. मांजर असेल तर त्याचे दुखणे आणखी लपलेले असते, असेही ते म्हणाले. ते लंगडत नाही. कपाटावर चढणे सोडते, अंग चाटणे सोडते.

मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. म्हणजे हे शास्त्र आपल्या दाराशी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. आम्ही मात्र 'मुके जनावर' म्हणून मोकळे होतो. मोती मुका नव्हता. तीन महिने तो चालीने बोलत होता. शब्दांवर पोट भरणाऱ्या मला ते वाचता आले नाही.

आता मोतीचे वजन उतरले आहे. जिना तो सावकाश चढतो. दर मजल्यावर आम्ही दोघेही थांबतो. शेजाऱ्यांना वाटते, कुत्रा दमला. माझ्या गुडघ्यांचे गुपित मोती अजून कुणाला सांगत नाही.