भविष्यवाणी एकाची, पारख सगळ्यांची

जुलै 2018 मध्ये लंडनला निघालेल्या बजिंदर सिंगला दिल्ली विमानतळावर अटक झाली. अनुयायांचा तो 'पापाजी'. स्वतःच्या नावामागची उपाधी मात्र 'प्रोफेट', म्हणजे मराठी बायबलमधला संदेष्टा. बलात्काराच्या त्या खटल्यात मोहालीच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि 1 एप्रिल 2025 रोजी जन्मठेप सुनावली. परदेशी पाठवण्याचे आमिष दाखवून त्याने आपल्याला जाळ्यात ओढले, अशी पीडितेची तक्रार होती. असे प्रकरण निघाले की आपल्याकडची चर्चा लगेच धर्मांतर आणि परदेशी पैसा या ठरलेल्या वळणावर जाते. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. 'देवाने तुझ्याविषयी मला असे असे सांगितले आहे,' असे कोणी समोर येऊन म्हणाले, तर श्रद्धावान माणसाने ते कसे तोलावे? हा प्रश्न ख्रिस्ती धर्मग्रंथाला नवा नाही. त्याची उत्तरे त्यात चांगली सविस्तर आहेत, फक्त व्यासपीठावरून ती पाने सहसा वाचली जात नाहीत.

नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामच्या भाड्याच्या हॉलमध्ये असो की मोबाइलच्या पडद्यावर, अशा सभांचा साचा ठरलेला असतो. गर्दीतल्या एकाला उभे करायचे, त्याच्या घरातली एखादी अडचण 'ओळखायची' आणि वर आश्वासन द्यायचे: व्हिसा लागेल, नोकरी मिळेल, गाठ विरघळेल. पुढे ज्याचा व्हिसा लागतो तो 'गवाही' द्यायला मंचावर येतो. ज्याचा लागत नाही तो घरी बसतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की त्या फांदीचा व्हिडिओ होतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली कसोटी सरळ आहे: देवाच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते देवाचे नव्हते. पण त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय आणखी कडक आहे. सांगितलेली खूण खरी ठरली, तरी सांगणारा देवापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये, असे तो बजावतो. म्हणजे 'पण त्यांचे खरे ठरले ना!' हा भक्तांचा हुकमी एक्का ग्रंथानेच आधी कापून ठेवला आहे.

मग कसोटी कोणती? नव्या करारात पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की संदेशांना तुच्छ लेखू नका, सगळ्याची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा. करिंथकरांना तो पद्धतही घालून देतो: दोघातिघांनी बोलावे आणि इतरांनी ते तोलावे. बोलणाऱ्याने एकट्याला आतल्या खोलीत बोलावून कानात सांगावे, ही रीत तिथे बसत नाही. पौलाचा स्वतःचा प्रसंग तर याहून बोलका आहे. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा येतो, पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधतो आणि सांगतो, या कमरबंदाच्या मालकाला यरुशलेमेतले यहूदी असेच बांधतील. सोबतचे लोक रडतात, जाऊ नको म्हणून विनवतात. पौल ऐकून घेतो आणि तरीही जातो. अगब हा दिनदर्शिका वाचावी तसे भविष्य वाचणारा नाही, हेही पुढे दिसते. पौलाला प्रत्यक्ष साखळदंड रोमी सैनिक घालतात. तरी अगबाला कोणी खोटा म्हणत नाही, कारण त्याने इशारा दिला आणि निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवला. माझ्या मते सगळी पारख इथे येऊन थांबते: संदेश ऐकल्यावर माणसाचा निर्णय त्याच्याच हातात राहिला, की सांगणाऱ्याच्या खिशात गेला?

उलटे घडले तर काय होते, हे बायबलमधल्या '1 राजे' या पुस्तकात आहे. यहूदातून बेथेलला आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा असते की तिथे अन्नपाणी घेऊ नये. राजाने देऊ केलेले बक्षीस तो नाकारतो. पण एक वयोवृद्ध संदेष्टा 'मला देवदूताने सांगितले' असे धादांत खोटे बोलून त्याला जेवायला नेतो आणि परतीच्या वाटेवर सिंह त्याला मारतो. ही गोष्ट मला नेहमीच अन्यायाची वाटली आहे. खोटे बोलणारा म्हातारा सुखरूप राहतो, विश्वास ठेवणारा जातो. मात्र हिशेबात चूक कुठे झाली ते स्पष्ट आहे: स्वतःला जे नीट ठाऊक होते, ते त्याने दुसऱ्याच्या वयाकडे आणि उपाधीकडे पाहून सोडून दिले.

पण वैयक्तिक भविष्यवाणी म्हणजे सरसकट भोंदूगिरी, असे म्हणणाऱ्यांना मराठीतले एक उदाहरण अडचणीचे ठरेल. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन भेटला. त्याने नवा करार हाती दिला आणि सांगितले, तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. यात देवाचा हात पाहायचा की योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे. मला महत्त्वाचे वाटते ते त्या माणसाचे वागणे. त्याने अनुयायी केला नाही, दक्षिणा मागितली नाही. पुस्तक दिले आणि तो निघून गेला. टिळक वाचत राहिले, डोंगरावरील प्रवचनाने हलले, वाद घालत राहिले. मात्र या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ताटातुटीच्या वर्षांत मोजली, हे विसरून चालणार नाही. डब्यात दिलेला 'वैयक्तिक' संदेश डब्यात नसलेल्या बाईच्या संसारावर पडला. म्हणूनही अशा संदेशाची पारख एकट्याने करण्याची गोष्ट नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' या अर्थाच्या 105व्या स्तोत्राच्या आधाराने. ते स्तोत्र संदर्भासह वाचावे. तिथे अभिषिक्त आहेत ते परमुलखात भटकणारे, संख्येने मूठभर असे पूर्वज, आणि तंबी दिली आहे ती राजांना. अंगरक्षकांच्या कड्यातल्या प्रोफेटने दुबळ्यांची ती ढाल स्वतःपुढे धरावी, हा उलटा न्याय झाला. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: डॉक्टर परवडत नाही, दिल्लीत ओळखपाळख नाही, अशा माणसाला निदान आशा तर मिळते. मिळते, हे खरे. पण त्या आशेपायी औषध थांबले किंवा दागिना गहाण पडला, तर तिचे बिल कोण भरते? मीखा संदेष्ट्याने पैशासाठी भविष्य सांगणाऱ्यांना झोडपले होते. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'दिदाखे' या छोट्या नियमपुस्तिकेतही आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये, असा नियम आहे. गरजू दुसरा असेल, तर गोष्ट वेगळी.

मंडळ्यांना अशी पारख आजही जमण्यासारखी आहे. संदेश वडीलमंडळींसमोर उघडपणे सांगितला जावा, तारखेसह वहीत लिहिला जावा, त्या दिवशी दानपेटी फिरू नये आणि कोणाच्याही उपचारांना हात लागू नये. वर्षभराने ती वही सभेत उघडावी, न घडलेल्या गोष्टींसकट. याने पवित्र आत्म्याचा अवमान होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय काढावा. बाबेलने लुटलेली मंदिराची भांडी दोन वर्षांत परत येतील, असे हनन्या मंदिरात सर्वांसमोर सांगतो. यिर्मया आधी 'तसेच होवो' म्हणतो, मग लोकांच्या देखतच त्याला खोडून काढतो. त्या मुदतीत भांडी काही आली नाहीत. ते भाकीत मात्र ग्रंथातून कोणी पुसले नाही. सांगणाऱ्याच्या नावागावासह, राजाच्या कारकिर्दीचे वर्ष आणि महिना देऊन ते नोंदलेले आहे.