भाव किलोचाच छापा

राजगडाच्या पायथ्याला आमच्या बचत गटाचा हिशेब मी लिहिते. भातलावणीआधी पावसाळ्याची बेगमी करायची वेळ आली, की बायका विचारतात, "ताई, किराणा कुठून भरायचा? गावातून, नसरापुरातून, भोरमधून, की पुण्याहून मागवायचा?" मी आधी विचारते, पाकिटात माल किती आहे?

तेलाचंच बघा. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी तशीच दिसणारी ७५० ग्रॅमची पिशवी असते. समजा लिटर १४० रुपयांना आहे आणि ही पिशवी १२० ला. हात १२० कडेच जातो. पण किलोला ती १६० पडते आणि लिटरवाली १५४. डाळ, तांदूळ, चहा, तेल ठरावीक वजनातच भरायचं बंधन केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुरुस्तीने गेलं. त्याबदल्यात पाकिटावर एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅममागचा किंवा किलोमागचा भाव, छापायची, असं ठरलं.

कल्पना चांगली, पण किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅममागे छापतात, तीही दोनच दशांश स्थळांपर्यंत. तूरडाळीचं अर्ध्या किलोचं एक पाकीट ८३ रुपयांना, दुसरं ८७ ला. दोन्हींवर छापलेलं असतं ०.१७ रुपये. किलोमागे आठ रुपयांचा फरक त्या आकड्यात बुडून जातो. आणि छोटी पाकिटं घेतं कोण? रोजच्या मजुरीवर रोजचा किराणा आणणारी बाई. नियमाचा उपयोग जिला सर्वांत जास्त व्हायला हवा, तिलाच त्यातून काही कळत नाही.

आता किराणा कुठून भरायचा, त्याबद्दल. गावातला दुकानदार दोन रुपये जास्त घेतो म्हणून त्याला नावं ठेवणं मला पटत नाही. लावणीच्या दिवसांत तो उधारीवर माल देतो, पुण्याचं दुकान देत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी अर्धा किलो साखरेसाठी नसरापूर गाठणं परवडत नाही. तिकिटाबरोबर दिवसाची मजुरीही जाते. चार घरांची डाळ, साखर, तेल एकदम आणायचं असेल, तर मात्र एकीने जावं आणि भाडं सगळ्यांनी वाटून घ्यावं. आमचा गट तसंच करतो.

पण हा हिशेब जमायला खरा भाव डोळ्यांना दिसला पाहिजे. सरकारने नियम बदलावा. पाकीट १०० ग्रॅमचं असो की पाच किलोचं, भाव किलोचा किंवा लिटरचाच छापावा, मराठीत आणि एमआरपीइतक्याच ठळक अक्षरांत. येत्या ग्रामसभेत आम्ही तसा ठराव मांडणार आहोत. भोर-वेल्ह्यातल्या इतर गटांनीही आपापल्या गावात तो मांडावा.