पहिल्या रांगेतल्या सोफ्याकडे बोट दाखवा

झाडीपट्टीतल्या नाट्यमंडळांचे मालक, लेखक आणि गावोगावच्या आयोजक मंडळांचे कार्यकर्ते यांना,



भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होईल. मग भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत होळीपर्यंत रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडेल. त्याआधी गावोगावचे कार्यकर्ते नाट्यमंडळांकडे वडसा-देसाईगंजला येतील, तारखा धरतील, इसार देतील आणि विचारतील, "यंदा नवीन कोणतं?" तुम्ही नव्या नाटकांची नावं सांगाल. त्यांत दारू असेल, हुंडा असेल, शेतकऱ्याची आत्महत्या असेल, नक्षलवाद असेल. पोस्टरवर 'ज्वलंत सामाजिक नाटक' असं ठळक छापलेलं असेल. त्या 'ज्वलंत'बद्दलच हे पत्र आहे.

आधी तुमच्याकडे काय आहे ते सांगतो, कारण ते तुम्हालाच कमी वाटतं. मुंबईत छबिलदास शाळेच्या सभागृहात मराठी प्रायोगिक नाटकाने केवढी तरी उलथापालथ केली, पण ती पाहायला शे-दोनशे माणसं. तुमच्या मंडपात एका रात्री हजारो. अनुदानाची वाट न पाहता, तिकीट काढून, पौषातल्या थंडीत घोंगडं-चादर पांघरून जमिनीवर बसलेली. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक, घरात पाहुणे; कितीतरी सोयरिकी याच दिवसांत जुळतात. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या रंगभूमीला असा प्रेक्षक आहे? तेव्हा तुमच्या नाटकाने खरंच कुणाला टोचायचं ठरवलं, तर ते चार जिल्ह्यांना टोचेल.

पण ते टोचतं कुणाला? दारूचंच नाटक घ्या. नवरा पितो, बायकोला मारतो, दागिने विकतो, तिसऱ्या अंकात लेकरू जातं, मग तो छाती पिटून रडतो आणि सुधारतो. मंडप हुंदके देतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीच्या गावात दारू कोण आणतो, कोणत्या वाटेने आणतो, त्याच्या पाठीवर कुणाचा हात आहे, हे मंडपातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. नाटकात मात्र गुन्हेगार एकटा पिणारा. विकणारा एकतर दिसतच नाही, किंवा गळ्यात सोन्याची साखळी घातलेला, कुठल्याच गावाचा नसलेला खलनायक असतो. मग गावातला खरा विक्रेताही पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून निवांत टाळ्या वाजवतो. दोन अंकांच्या मध्ये त्याने दिलेल्या देणगीची घोषणा माइकवरून होते, ती वेगळीच. ज्या नाटकाला आरोपीची दाद मिळते, ते ज्वलंत कसं?

तुमचं गणित मला कळत नाही असं समजू नका. नाट्यमंडळाने रक्कम ठरवून दिलेली, गेटवर ती वसूल व्हायची, वर शाळेच्या खोलीला किंवा देवळाच्या सभामंडपाला चार पैसे उरायचे. सोफ्याचं तिकीट सगळ्यांत महाग. उद्घाटनाला आमदार, जिल्हा परिषद सदस्य, सरपंच, ठेकेदार. जागा कुणाची, वीज कुणाची, पोलिसांची परवानगी कुणाच्या शब्दावर, हेही ठाऊक आहे. शिवाय शेजारच्या गावात नाचगाण्यांचा 'डान्स हंगामा' लागला की तुमचा मंडप अर्धा रिकामा. मुंबईच्या नाटकाला निदान कोर्ट होतं: १९७२ साली 'सखाराम बाइंडर' सेन्सॉरने अडवलं, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. तुम्ही कोणत्या कोर्टात जाल? आपला सेन्सॉर पुढे शाल पांघरून बसलेला असतो आणि पुढच्या सालचं बुकिंग त्याच्या हातात असतं.

तरीही एक माणूस दर रात्री या सेन्सॉरला चुकवतो. तो म्हणजे तुमचं विनोदी पात्र. नायक पुस्तकी मराठीत बहिणीच्या अब्रूबद्दल बोलून गेला की हा येतो आणि झाडीबोलीत सहज विचारतो, का जी, तुमच्या गावचा रस्ता मागच्या पावसात वाहून गेला की कागदावरच होता? संहितेत हे वाक्य नसतं. त्या गावात पोचल्यावर चहाच्या टपरीवर त्याने ते उचललेलं असतं. मंडप कोसळतो. सोफ्यावरच्यांनाही हसावं लागतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती अशाच भूमिकांनी आयुष्यभर लोकांना हसवणाऱ्या नटाला. माझं लेखकांना सांगणं एवढंच, की हा माणूस दोन मिनिटांत जे बोलून पळतो, त्याचे तीन अंक करा.

विषय शोधायला लांब जाऊ नका. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूलच्या बाजूला मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, धानाच्या बांधीत गेलेली माणसं वाघाने मारली, ही बातमी आता वर्तमानपत्रात आतल्या पानावर जाते. यावर नाटक लिहायचं तर वाघाला खलनायक करून भागणार नाही. मेलेल्या बाईच्या घरी भरपाईचा चेक यायचा आहे. वारस म्हणून सही कुणाची, यावरून दीर आणि नवरा समोरासमोर. पंचनामा करायला आलेला वनरक्षक याच गावचा जावई. ज्या रिसॉर्टच्या पाहुण्यांना वाघ दाखवायचा, तिथे मेलेलीचाच पोरगा जिप्सी चालवतो, आणि वाघ पकडून नेला तर त्याची रोजी बुडते. इथे प्रत्येकजण थोडा थोडा दोषी आहे, आणि प्रत्येकासारखा कुणीतरी मंडपात बसलेला आहे. असं नाटक पाहून घरी जाताना लोक भांडतील. भांडू द्या.

दुसरा विषय धरणाचा. गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ साली झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो कित्येक हजार कोटींवर गेला. पवनी तालुक्यातली बुडालेली गावं आणि कालव्याच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेली गावं एकाच मंडईला येतात, पण त्यांना एकमेकांसमोर उभं करणारं नाटक कुठे आहे? सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीने एटापल्लीकडे नोकऱ्याही आणल्या आणि ट्रकही. बचत गटातल्या बायकांच्या कर्जाचा हप्ता वसूल करायला येतो तो कुणाचा तरी भाचाच असतो. आणि लेखा-मेंढा! २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं, सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय निर्णय न घेणारं हे गोंडांचं गाव आपल्या धानोरा तालुक्यात आहे. आपल्या नाटकांत मात्र गोंड-माडिया माणूस बहुतेकदा दोनच कामांना येतो, हसवायला किंवा बंदूक घ्यायला. हे मला लाजिरवाणं वाटतं.

नाच, गाणी, विनोद काढून टाका असं म्हणायला मी नागपूरच्या चर्चासत्रातून आलेलो नाही. रात्रभर बसायचं तर ते लागणारच, आणि ते तुम्हाला उत्तम येतं. पूर्ण हंगामही मागत नाही. प्रत्येक मंडळाने यंदा बसवलेल्या नाटकांतलं एक असं ठेवावं, ज्यात दोषी माणूस गावातलाच आहे आणि शेवटी तो रडून सुटत नाही. ते नाटक तोट्यात गेलं तर मोठ्या मंडळांनी तो तोटा वाटून घ्यावा. हंगाम संपला की त्याची संहिता छापावी, नाहीतर प्रॉम्प्टरच्या वहीसोबत ती संपते आणि नव्या लेखकाला पुन्हा जुन्याच साच्यापासून सुरुवात करावी लागते. बाहेरून बोलावलेल्या नटीला फक्त पदर डोळ्याला लावायचं काम देऊ नका. तिला एखादा प्रश्न विचारायला द्या.

आयोजकांनो, तुमच्यावाचून यातलं काहीच होणार नाही. सत्कार आणि देणग्या पडदा उघडण्याआधी उरकून घ्या. अंकांच्या मध्ये माइक कुणालाही देऊ नका. आणि वडशाला तारीख धरताना 'यंदा नवीन कोणतं' एवढ्यावर थांबू नका. आमच्या गावात कुणाला झोंबेल असं कोणतं, तेही विचारा, आणि इसार त्याच नाटकाला द्या.

आपला,
झाडीपट्टीचा एक जुना प्रेक्षक